पन्हाळा ते पावनखिंड, तीन दिवस: रांगेच्या शेपटाकडून

आधीच सांगून टाकते. तीनही दिवस मी रांगेत सगळ्यात शेवटी होते. त्यामुळे पुढे कोणी घोषणा दिल्या, पहिलं कोण पोहोचलं, लीडरने कुठल्या वळणावर काय सांगितलं, यातलं मला निम्मंही माहीत नाही. पण पैसे मीही पूर्ण भरले होते, आणि शेवटच्या माणसाला ट्रेक कसा मिळतो हे फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हे.

वय एक्कावन्न. नोकरी पोस्टात, खिडकीवर बसून. एका दिवसाचे ट्रेक केलेत: राजगड दोनदा, हरिश्चंद्रगड एकदा पाचनईकडून. पण सलग तीन दिवस, तेही जुलैच्या पावसात, पाठीवर सॅक घेऊन, हे पहिल्यांदाच. भाची म्हणाली, मावशी चल, मी आहे ना. ही भाची पहिल्या दिवशी सकाळी अकरानंतर मला थेट संध्याकाळी दिसली.

माणशी ३,२०० रुपये, कोल्हापूर ते कोल्हापूर. त्यात पन्हाळ्यापर्यंतची गाडी, दोन मुक्काम, रात्रीची दोन जेवणं, तीन नाश्ते, दुपारचे डबे आणि परतीची गाडी. सॅक टेंपोने पुढच्या मुक्कामी पाठवायची असेल तर ३०० रुपये वेगळे. संस्थेचं नाव देत नाही. जुलैत या वाटेवर इतक्या संस्था असतात की खालच्या बहुतेक तक्रारी त्यातल्या अर्ध्याअधिक जणांना बसतील, आणि चांगलं म्हणून जे लिहिणार आहे त्याचं श्रेय संस्थेला किती द्यायचं याबद्दल माझंच मन अजून ठरलेलं नाही.

जमायचं होतं पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी, सकाळी आठला. निघायचं साडेआठला. प्रत्यक्षात निघालो दहा चाळीसला. आधी नारळ, मग बॅनर, मग बॅनरसह फोटो, मग बॅनरशिवाय फोटो, मग एका पाहुण्यांची वाट, मग पाहुण्यांचं भाषण. या दोन तासांचा हिशोब संध्याकाळी अंधारात शेवटच्या माणसाला चुकवावा लागतो. पुढचे उजेडात पोहोचतात. शिवाय ठरलं होतं पस्तीस जणांचं, आणि पुतळ्यापाशी मी मोजले तर अठ्ठावन्न. विचारलं तर म्हणे दुसरी बॅच यातच घेतली. बॅच म्हणजे काय पिठलं आहे का, पाणी वाढवून पुरवायला?

लीडर मुलगा तिशीतला, आवाज खणखणीत. वेढ्याची गोष्ट त्याने चांगली सांगितली. १६६० सालचा मार्च ते जुलै, सिद्दी जौहरचा वेढा, भर पावसातही न उठलेला. मग १२ जुलैची रात्र, आषाढी पौर्णिमा, दोन पालख्या. एकीत महाराज, दुसरीत त्यांचा वेष घेतलेले शिवा काशीद, खाली नेबापूरचे. पालखी पकडली गेली, सोंग उघडं पडलं आणि त्यांनी जीव दिला. हे सांगताना लीडरचा गळा खरंच दाटला होता, त्यात खोट काढणार नाही. पण वेढ्यात राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन सिद्दीच्या मदतीला स्वतः तोफगोळे घेऊन पन्हाळ्याखाली आला होता, हे त्याने सांगितलंच नाही. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटलं आणि रेव्हिंग्टनला कैदेत टाकलं. व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या भांडणात हात घातला की काय होतं, याचं इतकं रोखठोक उदाहरण मला तरी दुसरं आठवत नाही.

राजदिंडीतून, म्हणजे गडाच्या छोट्या दरवाजातून उतरलो. इथेच रांग ताणली गेली आणि मी मागे पडत पडत शेवटाला गेले. वाट म्हणजे पाण्याने धुतलेला दगड आणि मधेमधे लाल राड. मी बसून, हात टेकून उतरत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "काकू, दमानं. खिंड कुठं जात न्हाई."

हा मागचा दादा. वय असेल चोविसेक, शाहूवाडीकडचा. अंगात संस्थेचा टीशर्ट नाही, गळ्यात ओळखपत्र नाही, डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ आणि हातात काठी. त्याचं काम एकच: शेवटच्या माणसाच्या मागे चालायचं. संस्थेच्या माहितीपत्रकात 'अनुभवी लीडर, प्रथमोपचार, वॉकीटॉकी' असं सगळं छापलंय, याचा उल्लेख कुठेही नाही. पण माझे ३,२०० रुपये वसूल झाले ते याच्यामुळे.

तुरुकवाडी, म्हाळुंगे मागे टाकून मसाई पठाराची चढण लागली. चढ मोठा नाही, पण धुकं इतकं दाट की पुढच्या माणसाची फक्त सॅकच्या कव्हरची केशरी पिशवी दिसायची, माणूस नाही. पठारावर आलं की वारा पाऊस आडवा मारतो. खाली जांभा, वर पाण्याचा पातळ थर, कडेला बारीक गवत. फुलांचे फोटो बघून जाणाऱ्यांनी जुलैत येऊ नये, तो बहर पावसाळा सरताना. जुलैत इथे रंग दोनच, पांढरा आणि हिरवा.

मसाईदेवीच्या देवळाच्या अलीकडे माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. सुटला म्हणजे टाचेकडून उघडून जिभेसारखा लोंबायला लागला. प्रत्येक पावलाला फटक, फटक. पाच मिनिटांनी डाव्याचाही. बूट सहा वर्षांपूर्वी घेतलेले, चांगल्यातले, जेमतेम चारदा वापरलेले, कागदात गुंडाळून कपाटावर ठेवलेले. मला वाटत होतं, कमी वापरले म्हणजे नवेच आहेत. तिथेच घोटाळा आहे. या बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि तो न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत जातो. वरून बूट नवा दिसतो, आतला थर बिस्किटासारखा भुगा झालेला असतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त पाण्यात उभी होते आणि रडू येत होतं.

दादा खाली बसला. खोळीच्या आतून त्याने एक पिशवी काढली. त्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले पट्टे, सुतळीचं एक बंडल, एक ब्लेड आणि मीठ होतं. त्याने माझा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. मी संकोचले, तर म्हणाला, "म्हशीचा पाय बांधायचा तर म्हस लाथ मारती, तुम्ही तेवढं करू नका." पहिला पट्टा बोटांच्या मागे, दुसरा मधल्या कमानीवर, तिसरा टाचेवरून घोट्याभोवती आठाच्या आकड्यासारखा. सुतळी वरून नाही बांधली, तळाखालून आडवी घेतली आणि गाठ बाहेरच्या अंगाला मारली, म्हणजे दोन्ही बूट एकमेकांना घासून गाठ सुटायची नाही. दोन्ही पायांचं मिळून दहा मिनिटं. मग म्हणाला, तासाभराने थांबून पट्टा सरकलाय का बघायचं. आणि खरंच दर तासाला त्याने थांबवलं, मी विसरले तरी.

लीडरचा फोन आला तेव्हा आम्ही पठाराच्या पलीकडच्या टोकाला होतो. "किती मागे आहात?" दादा म्हणाला, "आलोच." मला म्हणाला, "तासभर हाय अजून." खोटं बोलायची ही पद्धत मला पसंत पडली.

पहिला मुक्काम खोतवाडीत, गावातल्या घरांमध्ये. आम्ही पोहोचलो साडेसातला, अंधार पडला होता, मी, दादा आणि आणखी तिघं. पुढचे पाचला पोहोचून चहा पिऊन कोरडे झाले होते. कोरडे म्हणजे ज्यांनी सॅक स्वतः वाहिली ते. ज्यांनी ३०० रुपये भरून टेंपोत टाकल्या होत्या ते ओल्या कपड्यांतच भिंतीला टेकून बसले होते, कारण टेंपो कुठेतरी चिखलात रुतला होता. तो आला रात्री साडेनऊला. त्या तीनशे रुपयांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सॅक टेंपोत टाकणारे निम्मेच उरले होते.

सॅकबद्दल एक सांगायलाच हवं. वरून घालायचं रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. तुमच्या मानेवरून, पाठीवरून उतरणारं पाणी सरळ आत जातं आणि खाली कव्हरमध्येच तळं साचतं. माझं कव्हर उलटं केलं तर तांब्याभर पाणी निघालं. कपडे वाचले ते केवळ भाचीने आदल्या रात्री सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिक पिशवी घालायला लावली म्हणून. दादाच्या सॅकमध्ये खताच्या गोणीतली आतली पिशवी होती. ती फुकट मिळते आणि माझ्या ४५० रुपयांच्या कव्हरपेक्षा हजारपट बरी.

जेवण घरात. चुलीपुढे एक आजी आणि त्यांची सून. नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं, मिरचीचा खर्डा, भात. भाकरी तव्यावरून थेट ताटात. मी दोन भाकरी खाते घरी, इथे साडेतीन खाल्ल्या. अर्धी दादाच्या वाटणीची होती, तो नको म्हणाला नाही, फक्त हसला. झोपायला सारवलेल्या सोप्यात सतरंजी. पलीकडे गोठा. रात्रभर पाऊस कौलांवर आणि म्हशीचं रवंथ भिंतीपलीकडे. असं झोपले की भाचीला मला हलवून उठवावं लागलं.

आता न आवडलेली गोष्ट. 'महिलांसाठी स्वच्छतागृहाची स्वतंत्र सोय' असं छापलं होतं. सोय म्हणजे घरामागचं एक संडास, कडी नसलेलं, अठरा बायकांना एक. त्यात घरच्याही बायका. त्या माउलींनी काही बोलून दाखवलं नाही, पण आपल्या घरी पंधरा-वीस अनोळखी माणसं पहाटे पाचला रांगेत उभी राहिली तर कसं वाटेल? आधी खरं सांगितलं असतं तर मी तरी तयारीने गेले असते. छापायचं एक आणि कडीच्या जागी सुतळी बांधायची, हे मला पटत नाही.

सकाळी बूट बघितले तर सुटलेल्या तळाचा खालचा भुगा हातात आला. पट्टे होते, धरायला काही उरलं नव्हतं. दादाने गावातल्या दुकानातून काळे प्लॅस्टिकचे बूट आणून दिले, शेतात घालतात तसले. २२० रुपये. पुरुषांचं माप, म्हणून आत दोन मोजे. पुढचे दोन दिवस मी त्यात चालले. पाणी आत येतं तसंच बाहेर जातं, तळ राडीत सरकत नाही, चिखलातून पाय उपसला की बूट पायाबरोबरच येतो. ओल्या जांभ्यावर मात्र जपावं लागतं. दुपारच्या मुक्कामी एका मुलाचे साडेपाच हजारांचे बूट पाहिले, त्यातून तो दर अर्ध्या तासाला पाणी ओतत होता. मी काही बोलले नाही, पण माझ्या बुटांकडे बघून तो थोडा गप्प झाला.

दुसरा दिवस वाड्यांचा आणि भातखाचरांचा. मांडलाईवाडी, करपेवाडी, मग आंबेवाडी. जुन्या पायवाटेचा बराच भाग आता डांबरी झालाय, आणि गुडघ्यांना सगळ्यात जास्त त्रास त्या डांबरानेच दिला. बाकी रोपलावणीचे दिवस. बायका इरली पांघरून गुडघाभर चिखलात वाकलेल्या, आमच्याकडे मान वर करून बघायच्या आणि हसायच्या. एकीने विचारलं, "पैसं देऊन चालताय व्हय?" मी म्हटलं, हो. ती शेजारणीला काहीतरी म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन माणसं हेच अंतर एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवशी पळत गेली, मागे सिद्दी मसूदचे घोडेस्वार घेऊन. आम्ही चालत होतो तीन दिवस, तेही मधे चहा घेत. हे त्या बाईंना माहीत असणारच. त्यांच्या गावावरूनच तर गेली ती पालखी.

खाचरातून जायला बांधावरची वाट. अठ्ठावन्न माणसं एकामागून एक बांधावरून गेली की बांधाचं काय होतं, हे फक्त शेवटच्याला दिसतं. पहिल्यांना बांध दिसतो, आम्हाला लोणी. एका ठिकाणी कड ढासळून वरच्या खाचराचं पाणी खालच्यात धो धो उतरायला लागलं होतं, रोपं आडवी. दादाने काठी बाजूला ठेवली, हाताने चिखल ओढला, दोन दगड बसवले, पायाने चेपलं. पाणी थांबलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. पुढे एक काट्यांचं कवाड उघडंच टाकून मंडळी गेली होती, ते त्याने लावलं. मग चॉकलेटचे कागद, बिस्किटांचे पुडे वेचत निघाला. खोळीच्या आत पिशवी फुगत चालली होती. मीही वेचायला लागले. संस्थेच्या कार्यक्रमात 'गड-वाट स्वच्छता' म्हणून अर्ध्या तासाचा एक भाग होता, पाटीसह फोटो काढून झाला. खरी स्वच्छता शेपटाकडे चालू होती, तिथे कॅमेरा नव्हता.

आंबेवाडीच्या अलीकडे ओढा लागला. पाणी गढूळ, मांडीपर्यंत आणि ओढ चांगली. पुढचे पन्नासेक जण हात धरून साखळी करून पलीकडे गेले होते, दोर वगैरे काही नाही. आम्ही नऊ जण मागे. दादाने काठी पाण्यात रोवली, ती थरथरायला लागली. मग काठावर एक दगड बघून ठेवला, किती बुडतोय ते बघायला. पंधरा मिनिटांत दगड दिसेनासा झाला. म्हणजे पाणी चढतंय. त्याने सांगितलं, इथून जायचं नाही, वरच्या अंगाला साकव आहे, फेरा पडेल.

लीडरचा फोन. मला एकच बाजू ऐकू येत होती. "न्हाई सर." "व्हय, ते गेलं खरं." "न्हाई, म्या न्हाई घालणार." मग बराच वेळ गप्प राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मग पैसं कापा," आणि फोन खोळीत ठेवला. आम्ही साकवावरून गेलो. सव्वा तास जास्त लागला. आमच्यातला एक मुलगा पूर्ण वाटभर कुरकुरत होता की पुढच्यांनी थरार अनुभवला आणि आपण पुलावरून. त्याला मी पोस्टातल्या खिडकीवरून बघते तसं एकदा बघितलं.

या मुद्द्यावर मी संस्थेचे गुण कापते, आणि भरपूर कापते. पावसात ओढा ओलांडायचा असेल तर दोर लागतो, आणि पुढच्याने मागच्याची वाट बघायची असते. पाणी चढत असेल तर ते कोणी ठरवायचं, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. आमच्यात ते ठरलं फोनवरच्या भांडणात.

आंबेवाडीला पोहोचलो तर भात संपला होता. अठ्ठावन्न माणसं आणि पस्तिसांचा अंदाज. आमच्या यजमानीण बाईंनी पुन्हा आधण ठेवलं, काही न बोलता. मी ओल्या केसांनी चुलीजवळ बसले होते. विचारलं, ताई, एका ताटाचे तुम्हाला किती मिळतात? त्यांनी सांगितलं. आकडा लिहीत नाही, त्यांना पुढच्या वर्षीही याच लोकांचं काम करायचंय. पण आमच्या ३,२०० मध्ये तो आकडा कुठे बसतो हे बघून मला त्या दुसऱ्या भाताची लाज वाटली. निघताना भाचीने आणि मी वेगळे पैसे दिले. त्यांनी घेतले आणि त्या बदल्यात कागदात बांधून चार भाकऱ्या दिल्या. हिशोब बरोबर.

तिसरा दिवस झाडीचा. मालेवाडी, पाटेवाडी, मग जंगलातली वाट, धनगरवाडा, आणि पांढरे पाणी. हा पट्टा सगळ्यात देखणा, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे सगळ्यात कमी, कारण मी पूर्ण वेळ पायाखाली बघत होते. दादा मात्र बोलत होता. बहुतेक म्हशींबद्दल. हिवाळ्यात तो मलकापुरात एका गॅरेजमध्ये काम करतो, ट्यूबचे पट्टे तिथलेच. पावसाळ्यात या संस्थेकडे, दिवसाच्या हिशोबाने. मी विचारलं, पुढे का चालत नाहीस, वाट तुलाच जास्त माहीत आहे. तो म्हणाला, "पुढं गेलं की बोलाया लागतं, काकू."

पावनखिंड म्हणजे पूर्वीची घोडखिंड. आता वर स्मारक आहे, खाली उतरायला लोखंडी जिना आहे, जवळपर्यंत गाड्या येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा आमची मंडळी घोषणा, फोटो, भाषण सगळं उरकून वर जेवायला बसली होती. जिन्यावरून दुसऱ्याच कुठल्या तरी गटाचे शेवटचे लोक वर येत होते. मी उतरले तेव्हा खाली कोणी नव्हतं.

पाण्याचा आवाज इतका होता की शेजारचं माणूस बोललं तर ऐकू येऊ नये. दोन्ही बाजूंनी काळा कातळ, शेवाळलेला, आणि मधून कासारीचं पाणी. मी कातळाला हात लावला. गार आणि गुळगुळीत. इथे बाजीप्रभू, त्यांचे भाऊ फुलाजी आणि बांदलांचे मावळे उभे राहिले, विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत. आणि तिकडे महाराजांना गडावर पोहोचायलाही आदिलशाहीकडून गडाला वेढून बसलेल्या सुर्वे आणि दळव्यांचा मोर्चा फोडावा लागला होता, म्हणजे तोफ व्हायला उशीर लागणारच होता. खिंडीतल्या माणसांना हे कुठून कळणार? या पाण्याच्या आवाजात, या पावसात, तोफ ऐकू येईल की नाही याकडे कान लावून लढत राहायचं. मी पंधरा मिनिटं तिथे एकटी होते. पुढच्यांना ही पंधरा मिनिटं मिळाली नाहीत.

वर आले तर कळलं, कार्यक्रम इथेच संपला. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत 'पन्हाळा ते विशाळगड' होतं. बाजी आणि फुलाजी दोघांच्या समाध्या विशाळगडावर आहेत, तिथे डोकं टेकवायचं म्हणून मी आले होते. लीडर म्हणाला, उशीर झालाय, बस थांबणार नाही. उशीर कशाने झाला, म्हटलं. पहिल्या दिवशीच्या दोन तास दहा मिनिटांचा विषय मी काढला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही मागे राहिलात ना." मला राग आला तो अजून उतरलेला नाही.

जायचंच असेल तर काही गोष्टी. तीन दिवसांचाच कार्यक्रम घ्या. दोन दिवसांत पन्नासेक किलोमीटर पावसात उरकणाऱ्यांना वाड्या, माणसं काहीच दिसत नसणार. माझ्या फोनने ५४ मोजले, साकवाचा फेरा धरून. संस्थेला पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: जास्तीत जास्त माणसं किती, ओढ्यासाठी दोर आहे का, आणि शेवटी कोण चालणार. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर दुसरी संस्था बघा. जुने बूट घरीच टाचेपाशी वाकवून बघा, कपाटावरच्यांवर विश्वास ठेवू नका. मोजे चार जोड, त्यातला एक फक्त झोपायचा, तो मेलात तरी दिवसा काढायचा नाही. मांड्या घासू नयेत म्हणून व्हॅसलीन. आणि वाडीतल्या जेवणाचे वेगळे पैसे सुट्ट्यांत ठेवा, तिथे फोनवरून पैसे जातीलच असं नाही, रेंज म्हणजे वाऱ्याची मर्जी.

गुण पाचपैकी अडीच. त्यातले दोन मागच्या दादाचे आणि अर्धा खोतवाडीच्या भाकरीचा. संस्थेचा वाटा बघायचा तर सॅकचा टेंपो सोडून गाड्या वेळेवर होत्या, एवढं म्हणेन.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी संस्थेचा अभिप्रायाचा फॉर्म आला. 'तुम्हाला कोणता लीडर सर्वाधिक आवडला?' खाली तीन नावं, निवडायची. त्याचं नव्हतं. मी ऑफिसात फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, ते आमचे कायमचे नाहीत, सीझनला लागतील तसे येतात. मी विचारलं, मग त्यांचे ओढ्यावरचे पैसे कापले का? ती म्हणाली, विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही. मी दर सोमवारी साडेअकराला फोन करते, तेव्हा खिडकीवर गर्दी कमी असते.